सुनेचा स्विंग

आमच्या ह्यांना चालू असलेली वस्तू बघवत नाही. बिघडलेलं दुरुस्त करणारे जगात पुष्कळ आहेत, पण हे न बिघडलेलंही दुरुस्त करतात. माझा चष्मा नाकावर चांगला बसत होता. "जरा बघू," म्हणून त्याची काडी वाकवून दिली, तेव्हापासून मला जग एका बाजूला किंचित उतरतं दिसतं. स्वयंपाकघराचं दार करकरत नव्हतं, तरी त्याच्या बिजागरीला तेल घातलं. आता ते वाऱ्याने आपोआप उघडतं. धंदाच शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. खिशात कायम एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो आणि हात सदैव शिवशिवत असतात.

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की हे ग्राउंडवर जातात. बायकांची बेसबॉलची टीम आहे, तिथे हे बॅटिंग शिकवतात. पगार म्हणाल तर टोपी आणि मोसम संपल्यावर एक फोटो. स्वतः तरुणपणी खेळायचे, पण पळायला इतके सावकाश की लांब मारलेल्या बॉलवरसुद्धा पहिल्याच बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्याच थांब्यावर, धापा टाकत उभे. त्यामुळे शिकवणंच बरं, असं कोणीतरी सुचवलं असावं. टीममधल्या सगळ्या जणी त्यांना वस्ताद म्हणतात. मी म्हणत नाही. घरात एक वस्ताद पुरे, आणि ती जागा भरलेली आहे.

आमच्या सुनेला आधी ह्यांनी पसंत केलं आणि नंतर चिरंजिवांनी. ती दुसऱ्या वस्तीतून टीममध्ये खेळायला आली होती. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, "आज एक मुलगी बघितली. बॅटचा इतका वाईट स्विंग जन्मात बघितला नाही. आणि बॉल कुंपणाबाहेर." बॅट फिरवायच्या आधी ती दोन्ही हात खाली टाकायची, बादली विहिरीत सोडावी तसे, आणि मग वर ओढायची. पुस्तकात ते कुठेच बसत नाही. पण बॉल जायचा. टीमने तिचं नाव तोफ ठेवलं. तोफ आमच्या घरात सून म्हणून आली, मला आई आणि ह्यांना बाबा म्हणू लागली, आणि तरी इतक्या वर्षांत ह्यांनी तिच्या स्विंगला बोट लावलं नाही. ह्यांच्यासारख्या माणसाने स्वतःला इतकं आवरून धरलेलं मी दुसऱ्या कशाच्याही बाबतीत पाहिलेलं नाही.

मग आम्हाला नात झाली. गुटगुटीत, हसरी आणि वजनाला अशी की पहिल्या दिवसापासून आम्ही तिला गठुडी म्हणायला लागलो. सून वर्षभर घरी राहिली, मग पार्सलच्या काउंटरवरच्या नोकरीवर परतली आणि तिथून ग्राउंडवर. आणि तोफ थंडावली.

थंडावली म्हणजे बॉल बॅटला लागत होता, पण लागून जमिनीवरून लोळत बॉल टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी जायचा. पिचर तो उचलून सावकाश पहिल्या बेसकडे टाकायची, आणि ही अर्ध्या वाटेतच बाद होऊन मान खाली घालून परत. पहिल्या सामन्यात कुणी काही बोललं नाही. नंतर नंतर बाकावरच्या बायका तिची पाळी आली की बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या. मला ते फार लागलं. चिडवलं असतं तर चाललं असतं.

मोसम संपत आला होता. त्यानंतर बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेसाठी टीम निवडली जाणार होती, आणि टीमच्या मॅनेजरबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "वस्ताद, तिचे हात वर ठेवायला शिकवा. नाहीतर मला तिच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल. तुमची सून आहे म्हणून मला डोळेझाक करता येणार नाही." बाई तुसड्या नाहीत. सांगताना त्यांनाच जड गेलं असणार.

सुनेला हे कळल्यावर तिने काय करावं? जेवताना ताट पुढे सरकवून म्हणाली, "बाबा, माझा स्विंग बदला. तुम्ही सांगाल तसा करते."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य समोरून चालत आलं, आणि आमचे हे घास हातात धरून बसून राहिले.

पुढचे काही दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. चिरंजिवांनी फोनवर तिची जुनी आणि नवी बॅटिंग काढून दिली. हे फोन हातभर लांब धरून तेच ते बघत. मध्येच उठून माझं लाटणं घेऊन आरशासमोर उभे राहत, हात खाली टाकत, वर ओढत. एकदा दिव्याची काच फुटली. मी म्हटलं, "तिला शिकवण्याआधी घरात सामान किती राहतं ते बघा."

"हे बघ," ते म्हणाले, "हात तेव्हाही खाली जात होते, आताही तसेच जातात. वेग तोच, बॅट तीच. काहीच बदललेलं नाही. आणि बॉल मात्र जात नाही."

"मग हात बदलून काय होणार?"

"तेच कळत नाहीये. हात वर केले आणि त्यानेही भागलं नाही, तर तिचं होतं तेही जाईल. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झालीय."

दुकानातही लक्ष लागेना. एक शिंपीणबाई यंत्र न्यायला आल्या तर ह्यांनी ते अजून उघडलंही नव्हतं. शेवटी मॅनेजरबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा ह्यांनी मान डोलावली. मला म्हणाले, "आज सांगतो तिला. हात वर."

त्या संध्याकाळी मी जाळीपाशी उभी होते, रोजच्यासारखी. सून कामावरून येताना पाळणाघरातून गठुडीला कडेवर घेऊन यायची, मला द्यायची आणि बॅट उचलायची. तशी ती आली, लेक माझ्या स्वाधीन केली, तिचा गालगुच्चा घेतला आणि आत गेली.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. बॅटवाली पिचरकडे तोंड करून उभी राहत नाही, कूस तिच्याकडे करून उभी राहते. आमची सून उजवी, म्हणजे तिचं डावं अंग पिचरकडे. बॉल टप्पा न घेता येतो, पापणी लवायच्या आत. तोवर सगळा भार मागच्या पायावर ठेवायचा आणि बॉल आला की तो पुढे झोकायचा. इतकी वर्षं जाळीपाशी उभं राहून एवढं तर मलाही कळतं.

ती उभी राहिली. पिचरने अजून बॉल हातात फिरवायलाही घेतला नव्हता. हे माझ्या शेजारून तिला हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

"तू अशी का उभी आहेस?"

"कशी?"

"अशी. एका पायावर."

"अहो, गठुडी आहे ना कडेवर. नवल काय त्यात?"

"दे इकडे तिला." मी दिली. "आता सरळ उभी राहा."

"सरळच उभी आहे की."

ते माझ्याकडे बघत राहिले. तोंडाकडे नाही, कंबरेकडे. एवढ्या वर्षांत ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिलेले मला आठवत नाही, आणि तेही चारचौघांत. मी खाली बघितलं. माझी डावी कंबर बाहेर आलेली होती, सगळा भार डाव्या पायावर, आणि वर कोणी नाही. माझी दोन्ही पोरं कडेवरून उतरून कधीच संसाराला लागली. मी आपली त्यांना अजून धरून उभी.

मग त्यांनी आत बोट दाखवलं. सून बॅट खांद्यावर घेऊन पिचरची वाट बघत होती. डावी कंबर बाहेर, भार डाव्या पायावर, म्हणजे पुढच्या. पोरगी इथे आजोबांच्या हातावर बसून त्यांची टोपी चावत होती, पण तिच्या आईच्या अंगाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून बाई मूल डाव्या कडेवर घेते. वर्षभर घेतलं की अंग तसंच वळतं. बॉल यायच्या आधीच तिचा भार पुढे गेलेला असायचा, मग झोकायला मागे उरणार काय?

"काखेत कळसा," मी म्हटलं.

"आणि मी गावभर वळसा घालत होतो," हे म्हणाले. "फोनवर दिसणार कसं? आपला दिवटा फोनमधली जागा वाचवायला आधीचं सगळं कापून टाकतो. बॉल सुटल्यापासून पुढचंच ठेवतो. जखम मांडीला आणि मी मलम लावत होतो शेंडीला."

"मग सांगा तिला. हाक मारा."

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सराव संपला, तरी काही सांगितलं नाही. मॅनेजरबाई लांबून बघत होत्या.

घरी आल्यावर मी खनपटीला बसले. एवढं सापडलं तर सांगत का नाही? आम्ही जिना उतरून दुकानाकडे निघालो होतो. ते म्हणाले, "तू जिना उतरताना आधी कुठला पाय टाकतेस?"

"म्हणजे काय? आधी..." आणि मी मधल्या पायरीवर अडकले. कठडा धरला म्हणून बरं. पाय उचलेना. रोज वीस वेळा उतरते तो जिना.

"बघ," ते म्हणाले. "शिवणयंत्र विचार करत नाही, म्हणून त्याचा स्क्रू फिरवता येतो. तिला कंबर म्हटलं की ती कंबर धरून बसेल आणि बॉल निघून जाईल. तिचा स्विंग चांगला आहे. मी तो बदलणार नाही, आणि तिला काही सांगणारही नाही. पोर उचलायचं तेवढं आपण बदलू. अंग आपोआप जागेवर येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर तिची जागा जाईल," ते म्हणाले, "आणि चूक माझी असेल." त्यांचा आवाज जरा खाली आला. मला त्यांची दया आली आणि धाकधूकही वाटली. ह्यांनी कधी काही न करण्याचं ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गठुडी आजोबांची झाली. पाळणाघरातून हेच आणणार, बाजारात हेच नेणार, रडली तरी हेच उचलणार. दुकानात यंत्रांच्या मध्ये सतरंजी अंथरली गेली. चिरंजिवांना बाजूला घेऊन दम भरला, "घरात पाऊल टाकलंस की आधी पोरीला घ्यायचं, मग बूट काढायचे." कारण विचारलं तर म्हणे नातीचा लळा लागला. सगळ्यांना तेच. मला ताकीद होती की ताकास तूर लागू द्यायची नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी त्या दिवसांत इतके मूग गिळले की पोट भरून जावं.

सुनेला कळेना. बाबांनी स्विंगचं नाव काढणं सोडलं होतं. ग्राउंडवर बाकीच्या जणींना समजावत बसायचे आणि हिची पाळी आली की म्हणायचे, "छान. चल, पुढचा." बॉल लोळत गेला तरी छान. बाकावर कुजबुज सुरू झाली की वस्तादांनी सुनेची आशा सोडली. मॅनेजरबाईंनी तर मला गाठून विचारलं, "घरी काही भांडण झालंय का?"

आणि एक दिवस ती फुटली. हे गठुडीला तिच्या हातातून घ्यायला पुढे झाले, तर तिने दिली नाही. घट्ट धरून म्हणाली, "बाबा, एकदा स्पष्ट सांगा. मी खेळायला जाते ते तुम्हाला पटत नाही का? आई म्हणून मी कमी पडते, असं वाटतंय ना तुम्हाला? म्हणून हिला माझ्यापासून तोडताय?"

चिरंजीव भिंतीकडे बघायला लागले, ती एक कला त्यांना चांगली अवगत आहे. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. हे मात्र जागचे हलले नाहीत. चेहरा असा झाला की मला वाटलं, आता सांगणार.

ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "पोरी, ये, तूही बस," म्हणाले. ती बसली. "हिला मांडीवर घे. कुशीत घेऊन झोप. दिवसभर शेजारी लोळव. लेक तुझी आहे, तुझ्यासारखी आई हिला शोधून मिळणार नाही. उभ्याने उचलायचं काम तेवढं मला दे."

"पण का?"

"मी मागतोय म्हणून. बाकी काही विचारू नकोस. थोडे दिवस."

सासऱ्याने काही मागितलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं. चहासुद्धा स्वतः करून घेणारा माणूस. तिचे डोळे भरले. बसल्या जागेवरूनच तिने गठुडीला त्यांच्या हातात दिलं. पटलं म्हणून नव्हे, विश्वास होता म्हणून. मी भांडी आवरायला आत गेले आणि थोडी रडले. सासू असले तरी माणूस आहे.

त्यानंतरच्या सामन्यात बॉल पुन्हा लोळला. त्याच्या पुढच्यात एक हवेत गेला, पण झेल झाला. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "हवेत गेला ना?" रात्री मला त्यांच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता.

निवडीआधीच्या शेवटच्या सामन्यात सून नेहमीसारखी उतरली. आम्ही तिघं जाळीपाशी: हे, मी आणि त्यांच्या हातावर गठुडी. मी खेळाकडे बघितलंच नाही, तिच्या पायांकडे बघत होते. ती उभी राहिली. पिचर बॉल हातात फिरवत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती मागच्या पायावर रेलली, दमून आलेली बाई दाराला टेकते तशी, अगदी सहज. हात खाली गेले. ह्यांनी माझं मनगट पकडलं.

आवाजच सांगतो. लोळणाऱ्या बॉलचा आवाज कोरडा असतो. हा भरलेला होता. बॉल जवळच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, लांब उभ्या असलेल्या दोघींच्या मधून थेट कुंपणाला जाऊन धडकला, आणि ती पहिला बेस ओलांडून दुसऱ्यावर जाऊन उभी राहिली. बाकावरच्या सगळ्या जणी उठून ओरडत होत्या. नाड्या कोणाच्याच सुटल्या नव्हत्या. पुढच्या पाळीलाही तिने तसाच मारला. मॅनेजरबाईंनी लांबूनच ह्यांच्याकडे बघून मान हलवली, नाव पक्कं म्हणून. मी मोठ्याने शिट्टी मारली. मला येते.

सामना संपल्यावर ती धावत आली, घामाने निथळत, आणि ह्यांना म्हणाली, "बाबा, सापडलं! माझं मीच शोधून काढलं. मी बॅट घट्ट धरत होते. आज बोटं जरा सैल सोडली आणि बघा!"

माझ्या जिभेवर काय काय आलं ते मी इथेही लिहीत नाही. ह्यांनी तिची बॅट हातात घेतली, मुठीपाशी निरखून बघितली आणि म्हणाले, "सैल! मला सुचलंच नसतं बघ. आता कोणी काही सांगितलं तरी ऐकू नकोस. माझंसुद्धा."

"तुम्ही कुठे काय सांगितलंत," ती हसत म्हणाली आणि गठुडीची पापी घेऊन पलीकडे फोन धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पळाली.

घरी जाताना ती दोघं पुढे चालत होती, ती हातवारे करून त्याला तो बॉल पुन्हा पुन्हा दाखवत होती. आम्ही मागे. गठुडी आजोबांच्या खांद्यावर झोपली होती. हे खाली बघून पावलं मोजत चालले होते. मला वाटलं, सुनेने श्रेय दिलं नाही म्हणून खट्टू झाले असतील. मी समजूत घालणार होते.

"अगं," ते म्हणाले, "आपली पोरं लहान होती तेव्हा दोघांनाही तूच उचलायचीस ना?"

"मग काय शेजारीण येऊन उचलणार होती?"

"आणि मी कुठे असायचो?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांचा आजचा दिवस चांगला गेला होता. पण त्यांनी खरं जाणून घ्यायलाच विचारलं होतं.

"ग्राउंडवर," मी म्हटलं.

ते चालत राहिले. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा त्यांनी गठुडीला एका हातावर घेतलं आणि दुसरा हात माझ्या पाठीमागून नेऊन डाव्या कंबरेवर ठेवला. भर रस्त्यात. मी म्हटलं, अहो, लोक बघतायत. ते म्हणाले, बघू देत. आणि घर येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.